फ्लेक्सवरची उतरंड

फोटो कोलाज म्हटले की कलामहाविद्यालयातली कात्री आणि डिंक आठवतो. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र कोलाज चौकाचौकात दहा बाय पंधरा फुटांच्या मापाने उभा असतो आणि त्याला फ्लेक्स म्हणतात. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली छायाचित्रे कापून एका पृष्ठभागावर नव्या नात्याने मांडणे, एवढी व्याख्या धरली तर वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्यात चपखल बसतो. त्याने शहर विद्रूप होते ही तक्रार रास्तच आहे. पण इतकी माणसे पदरचे पैसे घालून जे बोलतात, ते नेमके काय बोलतात हेही तपासले पाहिजे.

आधी रचना. सर्वांत वर महापुरुषांची रांग असते : शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवींचे जन्मगाव असल्याने ३१ मेच्या सुमारास त्यांची प्रतिमा मध्यभागी येते. त्याखाली नेते. मग गुडघ्यापासून वर दिसणारा, बहुधा पांढऱ्या शर्टातला आणि चालता चालता कानाला मोबाइल लावलेला ‘उत्सवमूर्ती’. तळाला शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि नावे.

या मांडणीत दोन मापे एकाच वेळी चालतात. आकार प्रसंग सांगतो, उंची अधिकार सांगते. वाढदिवस असलेला कार्यकर्ता नेत्याच्या चौपट मोठा छापला तरी कोणाला राग येत नाही, कारण नेता त्याच्या डोक्याच्या वर आहे. तोच नेता खांद्याच्या पातळीला आणला तर फोन येतो. तळची ओळ म्हणजे वर्गणीची पावतीच. ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा. पण तिथेही पहिला कोण आणि सातवा कोण यावर डिझाइन छापायला जाण्याआधी व्हॉट्सॲपवर तासभर घासाघीस होते.

डीटीपीच्या दुकानात ही घडण जवळून दिसते. शुभेच्छुक आपला फोटो पाठवतो तो कुणाच्या तरी लग्नातला. डिझाइनर फोटोशॉपमध्ये शेजारच्याला कापतो, पण शेजाऱ्याचा पंजा याच्या खांद्यावर राहून जातो. प्रत्येक चेहऱ्यावर उजेड वेगळ्या बाजूने पडलेला; एकाच फ्लेक्सवर कुणाची सकाळ, कुणाची दुपार. बर्लिनच्या कोलाज करणाऱ्या चित्रकारांना हे सांधे मुद्दाम दिसायला हवे होते. इथे ते दिसले तरी चालतात, कारण पाहणारा चित्र पाहतच नाही, तो आपल्या ओळखीचा चेहरा शोधतो.

बर्लिनचा उल्लेख ओघाने आला. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात कागद चिकटवले. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योखने वर्तमानपत्रांतल्या पुढाऱ्यांची मुंडकी कापून भलत्याच धडांवर बसवली आणि प्रतिष्ठितांची टर उडवली. तो कोलाज तोडणारा होता. आपला जोडणारा आहे. त्याचे खरे नाते राजस्थानातल्या नाथद्वाराशी लागते. तिथले चित्रकार श्रीनाथजींपुढे हात जोडलेल्या यजमानाचे शरीर रंगवत आणि चेहरा छायाचित्रातून कापून चिकटवत. जे सान्निध्य हवे ते चित्रात घडवून आणायचे, हाच हेतू पारनेरच्या किंवा शेवगावच्या फ्लेक्सचा. नेत्याबरोबर प्रत्यक्ष फोटो काढायला मिळाला नाही तरी फ्लेक्सवर त्याच्याबरोबर दिसता येते.

नगर जिल्ह्यात या सान्निध्याला जास्त मोल आहे. चौदा तालुके, जवळपास प्रत्येक तालुक्याचे आपले घराणे, आणि घराण्याभोवती साखर कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकाराने लोकांना उसाचा भाव, नोकरी आणि कर्ज दिले. त्याबरोबर ‘गट’ही दिला. म्हणून इथला तरुण फ्लेक्सवर स्वतःबद्दल जे सांगतो ते आवडीनिवडींचे किंवा मनातले नसते. आपण कुठल्या गटात, कोणाच्या खाली आणि कोणाच्या बरोबरीने उभे आहोत, हे तो सांगतो. याला आत्माविष्कार म्हणू नये असे ज्यांना वाटते त्यांनी गावात राहून पाहावे. तिथे माणसाची ओळख अशीच विचारली जाते.

या भाषेत नकार फक्त चेहरा गाळून देता येतो. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटून अजित पवार गट वेगळा झाला तेव्हा आपला फोटो परवानगीशिवाय वापरू नये, असे शरद पवारांनी जाहीरपणे बजावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये पवारांचे नाव व फोटो वापरणार नाही अशी हमी न्यायालयाने अजित पवार गटाकडे मागितली. त्याच महिन्यात, त्या गटात गेलेले पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके शरद पवारांकडे परतले. एका चेहऱ्याच्या जागेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वेळ द्यावा लागतो, यावरून ती जागा किती मोलाची हे कळावे.

महिला सरपंचाच्या फ्लेक्सवर बारकाईने पाहा. स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. तरी अनेक फ्लेक्सवर सरपंचबाईंच्या शेजारी त्याच आकाराचे पती असतात आणि मोबाइल नंबरही त्यांचाच. उलट स्पर्धा परीक्षेतून फौजदार झालेली मुलगी खाकी वर्दीत एकटी, पूर्ण उंचीची दिसते. आईवडील कोपऱ्यात, नेते असलेच तर तळाला. माझ्या मते या कोलाजात आकार आणि अधिकार खऱ्या अर्थाने जुळतात ते इथेच. बाकी श्रद्धांजलीचे, यात्रेचे, शर्यतीच्या बैलाचे फ्लेक्स वेगळे दिसले तरी उतरंडीच्या जुन्याच साच्यातले.

विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ चा आहे. बेकायदा फ्लेक्सविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक आदेशही दिले. कारवाई झाली तर फ्लेक्स उतरतो, नाही झाली तरी आठवड्याभरात उतरतोच आणि कांद्याच्या चाळीवर किंवा गोठ्यावर ताडपत्रीसारखा पडतो. डिझाइनरही जागा भरली की जुन्या फाइली उडवतो. पंचवीस वर्षांनी या जिल्ह्याच्या राजकारणावर लिहू पाहणाऱ्याला कोण कोणाच्या खाली उभा होता, हे सांगणारा असा दुसरा पुरावा मिळणार नाही. तेव्हा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुक्याच्या डीटीपीवाल्यांकडून या फाइली तारीखवार मागून घ्याव्यात. खर्च फक्त एका हार्ड डिस्कचा आहे.