‘जलरोधी’ म्हणजे काय? : जकात-सूचीतील एका व्याख्येचा इतिहास

जकातीची सूची हा सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा विषय मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः जकात-सूची हा एक प्रकारचा शब्दकोशच होय. जगातील यच्चयावत व्यापारी मालाला नाव देणे, एका नावाची हद्द दुसऱ्या नावापासून वेगळी करणे आणि कोणतीही वस्तू अनामिक राहू न देणे, हे तिचे कार्य. नेहमीच्या कोशात अर्थ ढिला राहिला तर वाचकाची गैरसोय होते. जकातीच्या कोशात तो ढिला राहिला तर सरकार आणि व्यापारी न्यायालयात जातात. पावसापासून व वाऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या जाकिटांचे अमेरिकेतील वर्गीकरण हे याचे बोलके उदाहरण आहे. ‘जलरोधी’ या एका विशेषणाच्या व्याख्येवर तेथे आयात-कराचा जवळजवळ चौपट फरक अवलंबून राहिला. ही व्याख्या कशी घडली आणि तिने पुढे काय घडविले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

आरंभी वस्त्रे आणि त्यांची नावे यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ग्लासगो येथील रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंतॉश याने १८२३ मध्ये नॅफ्थ्यात विरघळविलेल्या रबराचा थर दोन कापडांमध्ये घालून पाणी न शिरणारे वस्त्र सिद्ध केले व त्याचे एकस्व मिळविले. त्याचे नावच पुढे इंग्रजीत पावसाळी कोटाचे सामान्यनाम बनले. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर याला रबराच्या गंधकप्रक्रियेचे एकस्व अमेरिकेत मिळाले आणि उन्हाने चिकट व थंडीने ठिसूळ होण्याचा रबराचा दोष दूर झाला. विसाव्या शतकात रबराची जागा पुष्कळशी प्लास्टिकच्या लेपांनी घेतली. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर याने ताणून सच्छिद्र केलेल्या फ्लुओरोप्लास्टिकचा शोध लावला. पाण्याचा थेंब अडवावा पण घामाची वाफ जाऊ द्यावी, असे पापुद्रे कापडाला जोडणे त्यामुळे शक्य झाले. ‘ॲनोरॅक’ हा शब्द मात्र प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो ग्रीनलंडच्या इन्युइट भाषेतून युरोपात आला आणि तेथून जकातीच्या सूचीत स्थिरावला.

या सूचीला आंतरराष्ट्रीय रूप येण्यास बराच काळ लागला. १९५० मध्ये ब्रुसेल्स येथे मालाच्या वर्गीकरणाविषयी करार झाला व तो १९५९ मध्ये अंमलात आला. अमेरिका त्या पद्धतीबाहेर राहिली. १९६३ पासून तिची स्वतःची निराळी सूची होती. पुढे १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्समध्येच ‘सुसंवादी पद्धती’चा करार झाला. तो १ जानेवारी १९८८ पासून अंमलात आला आणि अमेरिकेने १ जानेवारी १९८९ पासून ती पद्धती स्वीकारली. भारताने आपले १९७५ च्या कायद्याचे दरपत्रक १९८६ मध्येच तिच्याशी जुळवून घेतले होते.

या पद्धतीत न विणलेल्या, म्हणजे मागावरच्या कापडापासून शिवलेल्या वस्त्रांसाठी बासष्टावे प्रकरण आहे. त्यातील ६२०१ या शीर्षकात पुरुषांचे ओव्हरकोट, केप, झगे, ॲनोरॅक, विंडचीटर, विंड-जॅकेट ‘व तत्सम वस्त्रे’ यांची नावे एका ओळीत दिली आहेत. ६२०२ मध्ये स्त्रियांची. कराराच्या इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही संहिता सारख्याच अधिकृत होत. परंतु इंग्रजी संहितेत जेथे ‘विंडचीटर’ आणि ‘विंड-जॅकेट’ हे दोन शब्द आहेत, तेथे फ्रेंच संहितेत ‘ब्लूझाँ’ हा एकच शब्द आहे. इंग्रजी नावे वस्त्राचे कार्य सांगतात, वाऱ्याला चकविणे हे ते कार्य. फ्रेंच नाव वस्त्राचा घाट सांगते, कमरेशी आवळलेला आखूड अंगरखा हा तो घाट. एकच वस्तू एका भाषेत तिच्या कामावरून आणि दुसरीत तिच्या रूपावरून ओळखली जावी, आणि दोन्ही शब्दांना कायद्याने समान मानावे, ही स्थिती भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. ‘तत्सम’ हा शब्द जोडून करारकर्त्यांनी ही फट बुजविली आहे. किंबहुना, ती तशीच ठेवून तिच्यावर आच्छादन घातले आहे.

लेप दिलेल्या कापडाच्या वस्त्रांसाठी याच प्रकरणात ६२१० हे वेगळे शीर्षक आहे आणि एखादे वस्त्र तेथे व अन्यत्रही बसत असेल तर ते ६२१० मध्येच घालावे, अशी टीप आहे. मग कापडाला लेप आहे असे केव्हा म्हणावयाचे? प्लास्टिकच्या लेपाविषयी एकोणसाठाव्या प्रकरणातील टीप याचे उत्तर देते. लेप नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. लेपामुळे केवळ रंग बदलला असेल तर तो बदल विचारात घ्यावयाचा नाही. येथे ज्ञानाचे साधन म्हणून मानवी डोळ्याची नेमणूक झाली आहे. ही कसोटी स्वस्त आहे आणि कोणत्याही बंदरात वापरता येते, हा तिचा गुण. परंतु लेप जितका सूक्ष्म व सफाईदार तितका तो दिसण्यास कठीण, हा तिचा दोष. उत्तम कारागिरीच कायद्याच्या दृष्टीने अदृश्य व्हावी, असा प्रसंग त्यातून उद्भवतो.

अमेरिकेने आपल्या सूचीच्या बासष्टाव्या प्रकरणाला जी स्वतःची जादा टीप जोडली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १९६३ च्या जुन्या अमेरिकी सूचीत पाऊस, शिकार, मासेमारी व तत्सम उपयोगांसाठी आखलेल्या, रबर वा प्लास्टिक चढविलेल्या कापडाच्या वस्त्रांची एक नोंद होती. म्हणजे तेथे कसोटी होती हेतूची व द्रव्याची. १९८९ च्या सूचीत हेतूचा उल्लेख गेला आणि ‘जलरोधी’ या शब्दाला मापाची व्याख्या मिळाली. वस्त्रोद्योगातील रसायनज्ञांच्या अमेरिकी संघटनेची पस्तीस क्रमांकाची चाचणी तिचा आधार आहे. वजन केलेला टीपकागद नमुन्याच्या मागे लावून समोरून पाण्याचा आडवा फवारा मारावयाचा; पाण्याच्या स्तंभाचा दाब ६०० मिलिमीटर, वेळ दोन मिनिटे. तेवढ्या अवधीत एक ग्रॅमपेक्षा अधिक पाणी आत शिरता कामा नये. याशिवाय आणखी एक अट आहे: हा जलरोध वस्त्राच्या बाह्य कापडाला, अस्तराला किंवा आतल्या अस्तराला दिलेल्या रबराच्या वा प्लास्टिकच्या लेपामुळेच आलेला असला पाहिजे.

या व्याख्येचे दोन भाग परस्परांशी जुळणारे नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. पहिला भाग गुण मोजतो. दुसरा भाग त्या गुणाचे कारण ठरवून देतो. घट्ट विणीच्या लोकरीचे एखादे वस्त्र चाचणीत उत्तीर्ण झाले तरी तेवढ्याने ते कायद्याने ‘जलरोधी’ ठरत नाही; कारण त्यात रबर नाही की प्लास्टिक नाही. दख्खनच्या पठारावर घोंगडीची खोळ करून पावसात मेंढरे राखणाऱ्या धनगराला हा निर्णय चमत्कारिक वाटेल. परंतु पारिभाषिक शब्दाचे स्वरूपच असे असते: लोकव्यवहारातून तो उचलला जातो आणि कायद्यात शिरताच लोकव्यवहारातील अर्थाचा काही अंश गमावून बसतो.

आता दरांकडे वळू. उरुग्वे फेरीतील टप्प्याटप्प्याची कपात पूर्ण झाल्यानंतर कृत्रिम तंतूंच्या पुरुषी जाकिटांचा सूचीतील सर्वसाधारण दर, जलरोधी असल्यास ७.१ टक्के व नसल्यास २७.७ टक्के असा राहिला. पन्नास डॉलर किमतीच्या जाकिटावर एका बाजूस ३ डॉलर ५५ सेंट कर, तर दुसऱ्या बाजूस १३ डॉलर ८५ सेंट. एक ग्रॅम पाण्याच्या अलीकडे-पलीकडे १० डॉलर ३० सेंटांचे अंतर पडते. असे असता उत्पादकाने अस्तराच्या कापडाला पातळ प्लास्टिकचा लेप देऊन चाचणीत उतरण्याची व्यवस्था केली, तर त्यात नवल नाही.

ही युक्ती आहे की लबाडी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अमेरिकी न्यायव्यवस्थेने त्याचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. एकोणिसाव्या शतकात साखरेवरील जकात ‘डच प्रमाणा’ने, म्हणजे साखरेच्या रंगावरून, ठरत असे, साखर जितकी उजळ तितका कर अधिक. तेव्हा साखर गोडीत सकस पण रंगाने काळसर अशी आयात होऊ लागली. ‘मेरिट विरुद्ध वेल्श’ या खटल्यात, १८८१ च्या सत्रात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विधिमंडळाने रंग ही कसोटी ठरविली आहे, म्हणून रंगच पाहावयाचा. कसोटी अपुरी वाटत असेल तर ती बदलणे हे विधिमंडळाचे काम, जकात-अधिकाऱ्यांचे नव्हे. १८८३ च्या जकात-कायद्याने साखरेसाठी ध्रुवणमापक यंत्राच्या कसोटीला स्थान दिले. डोळ्यावरचा भरवसा उडून यंत्राकडे जाण्याचा हा प्रवास जाकिटांच्या बाबतीत शंभर वर्षांनी पुन्हा घडला. दोन्ही प्रसंगी व्यापाऱ्याने व्याख्येचा भंग केला नाही. तिचे अक्षरशः पालन केले. व्याख्या वस्तूचे वर्णन करण्यासाठी लिहिली गेली आणि वस्तू व्याख्येबरहुकूम घडू लागली.

तथापि या इतिहासाची एक बाजू अशी आहे की, तिच्याकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. लेपाचे, शिवणी बंद केलेले महागडे जाकीट कमी दराच्या वर्गात जाते. लेप नसलेले, नुसता वारा अडविणारे साधे जाकीट जास्त दराच्या वर्गात पडते. गिर्यारोहणाला जाणाऱ्यापेक्षा थंडीत कामावर जाणाऱ्याच्या वस्त्रावर कराचे प्रमाण अधिक, असा याचा अर्थ होतो. हे कोणी जाणूनबुजून योजिले असे म्हणण्याची आवश्यकता नाही. देशी वस्त्रोद्योगाच्या रक्षणासाठी चढे ठेवलेले दर आणि लेपित वस्त्रांना पूर्वापार मिळालेली सवलत या दोन वेगळ्या धोरणांच्या सांध्यावर हे विशेषण बसविले गेले. परंतु ज्याच्यावर भार पडतो, त्याला तो शब्दांच्या सांध्यातून आला की धोरणातून, याने काही फरक पडत नाही.

अलीकडच्या काळात या व्याख्येवर आणखी एक थर चढला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी व्यापार-अंमलबजावणी कायद्याने ‘क्रीडा-विहारोपयोगी बाह्य वस्त्र’ अशा आशयाचा नवा वर्ग निर्माण केला. वस्त्र जलरोधी असावे किंवा प्लास्टिकने संस्कारित असावे, त्याच्या मोक्याच्या शिवणी बंद केलेल्या असाव्यात आणि शिवाय यादीतील किमान पाच वैशिष्ट्ये त्यात असावीत. थंडीचे अस्तर, बंद होणारा खिसा, हवेची वाट, वाकलेल्या कोपराचा काट, जुळवून घेता येणारी टोपी, दुर्गंधिनियंत्रण अशा अकरा वैशिष्ट्यांची ती यादी आहे. नवे वर्ग झाले, पण दर जुनेच राहिले. याउलट, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ओव्हरकोट व ॲनोरॅक यांचे निरनिराळे उपविभाग मोडून ते एकत्र करण्यात आले. शीर्षकात नावांची जुनी ओळ कायम आहे. त्या नावांतील भेद मात्र उपविभागापुरता नाहीसा झाला. एकीकडे व्याख्या फुगते आणि दुसरीकडे नावे विलीन होतात, अशा दोन प्रवृत्ती एकाच सूचीत एकाच काळी दिसतात.

मराठीच्या अभ्यासकाला या इतिहासात स्वतःचे असे काही आहे काय? ‘विंडचीटर’ हा शब्द मराठीत आला तो मुख्यत्वे पावसात घालावयाच्या हलक्या जाकिटाचे नाव म्हणून; वाऱ्याला चकविण्याचा मूळ अर्थ बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतो. कोकणातल्या ‘इरल्या’ने आणि देशावरच्या ‘घोंगडी’ने जे काम केले, ते करणाऱ्या नव्या वस्तूला मराठीने हे नाव लावले. आंतरराष्ट्रीय सूचीत मात्र त्याच नावाखाली पाण्याची अट नाही. म्हणून अशा शब्दांचा मराठी पारिभाषिक कोश करताना प्रतिशब्द सुचविणे पुरेसे होणार नाही. पाणी मुळीच न शिरू देणारे ते ‘जलाभेद्य’ आणि ठरावीक मर्यादेपर्यंत थोपविणारे ते ‘जलरोधी’, हा भेद तर राखावाच. परंतु तो भेद कोणी व कशाने ठरवावयाचा, डोळ्याने, हाताने, यंत्राने की व्यापाऱ्याच्या रूढीने, हेही नोंदीत स्पष्ट असले पाहिजे. अमेरिकी टिपेत साधन सांगितले होते म्हणून शब्द निश्चित झाला. कारणही त्यातच बांधून टाकले म्हणून तो संकुचित झाला. परिभाषा घडविणाराने पहिली गोष्ट घ्यावी व दुसरीविषयी सावध राहावे.