विमानांतील वाटाड्या

१९४३ च्या मे महिन्यांत इंग्रजी विमानांनीं जर्मनीचीं दोन मोठीं धरणें फोडलीं, ही हकीकत आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. ती सांगतांना दोन नांवें हटकून येतात. तुकडीचा नायक गाय गिब्सन हें एक, आणि पाण्यावरून उड्या मारीत जाणाऱ्या बाँबचा कल्पक बार्न्स वॉलिस हें दुसरें. मला आज तिसरें नांव घ्यावयाचें आहे. गिब्सनच्याच विमानांत, त्याच्या पाठीमागें, पडदा ओढलेल्या कोंदट जागेंत बारीक दिव्याखालीं नकाशा पसरून एक बावीस वर्षांचा तरुण बसला होता. त्याचें नांव हार्लो टेअरम. सोबती त्याला टेरी म्हणत.

हा कॅनडाचा. तेथील आल्बर्टा प्रांतांत मायलो म्हणून एक लहानसें खेडें आहे, तेथें २२ मे १९२० रोजीं त्याचा जन्म झाला. वडील नॉर्वेहून येऊन तिकडे स्थायिक झालेले. मुलगा दहा वर्षांचा असतांना ते पाण्यांत बुडून वारले आणि मुलांचा भार एकट्या आईवर पडला. पुढें १९४० च्या एप्रिलांत जर्मनांनीं नॉर्वे गिळला. त्याच वर्षीं टेरीनें कॅनडाच्या विमानदलांत नांव घातलें. त्या वेळीं साम्राज्यांतील वैमानिकांना शिकविण्याची मोठीच योजना कॅनडांत चालू होती. युद्ध संपेपर्यंत तिच्यांतून १,३१,००० वर माणसें तयार होऊन बाहेर पडलीं. सर्वांना वैमानिकच व्हावयाचें असे, परंतु ज्याचें गणित चांगलें त्याच्या वांट्यास बहुधा नॅव्हिगेटरचें, म्हणजे वाटाड्याचें, काम येई.

हें काम काय असतें तें थोडें सांगावयास हवें. मी शाळेंत भूगोल व गणित शिकवीत असें, म्हणून या ठिकाणीं दोन मिनिटें अधिक घेतलीं तर क्षमा असावी. रात्रीच्या अंधारांत समुद्रावर रस्ता नसतो, मैलाचे दगड नसतात. होकायंत्र दिशा सांगतें, दुसरें यंत्र वेग सांगतें, घड्याळ वेळ सांगतें. या तिहींवरून आपण कोठें असूं तें कागदावर मांडावयाचें. परंतु वारा हा कोणाचा बांधलेला नाहीं. ताशीं वीस मैलांचा वारा आडवा लागला कीं तासाभरांत विमान वीस मैल बाजूस जातें, आणि आंत बसलेल्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. दिशेंत एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर एक मैलाचा फरक पडतो. वर्गांत अशी चूक केली तर आम्ही एक गुण कापीत होतों. लँकेस्टर विमानांत सात माणसें असत, आणि ह्या एका गुणावर त्या सातही जणांचे प्राण अवलंबून असत.

१६ मे १९४३ च्या रात्रीं स्कँप्टनच्या तळावरून १९ विमानें निघालीं. शत्रूच्या यंत्रांना सुगावा लागूं नये म्हणून तीं सुमारें शंभर फुटांवरून, झाडांच्या शेंड्यांना चाटून जावीं तशीं चाललीं होतीं. पहिल्या तिघांच्या पुढें गिब्सन, आणि गिब्सनला वाट सांगणारा टेअरम. नकाशे कापून, जोडून, जन्मपत्रिकेसारखे गुंडाळ्यांवर चढविले होते. चांदण्यांत नदी, कालवा, रेल्वेचा रूळ दिसला कीं बाँब टाकणारा खुणा ओरडून सांगे आणि टेअरम आपला हिशेब दुरुस्त करी. वाऱ्यानें समुद्रावरच त्यांना किंचित् दक्षिणेकडे लोटलें होतें, त्यामुळें हॉलंडचा किनारा नको त्या ठिकाणीं, तोफांनीं गजबजलेल्या बेटावर लागला. तेथून मार्ग सांवरून त्यानें विमान मोने धरणाच्या जलाशयावर नेमकें नेलें.

तेथें त्याचें काम संपलें नाहीं. बाँब बरोबर साठ फुटांवरून सुटला पाहिजे, एरवीं तो व्यर्थ. त्यासाठीं विमानाच्या पोटाशीं दोन दिवे अशा तिरकस बेतानें बसविले होते कीं साठ फुटांवर त्यांचे ठिपके पाण्यावर एकमेकांस चिकटावे. कांचेच्या फुगवट्यांतून ते ठिपके पाहत वर, खालीं असें सांगण्याचें काम टेअरमकडे होतें. समोरून तोफा सुटत असतां, ताशीं सुमारें २३० मैलांच्या वेगांत, दृष्टि पाण्यावरून न हलविणें किती कठीण असेल! गिब्सनच्या बाँबनें भिंत पडली नाहीं. पांचव्या विमानाच्या बाँबनें ती फुटली. पुढें एडरचें धरणही फुटलें.

त्या रात्रीं ८ विमानें परतलीं नाहींत आणि ५३ जण मेले. जर्मनीच्या खोऱ्यांत पुरानें सुमारें १३०० माणसें तरी गेलीं. त्यांत नेहाइम गांवच्या छावणींत कोंडून ठेवलेल्या, जबरीनें कामास आणलेल्या शेंकडों परदेशी स्त्रियाही होत्या. ज्यांच्या सुटकेसाठीं युद्ध चाललें होतें त्यांतल्याच त्या, ही गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें मला बरें वाटत नाहीं.

जूनमध्यें इंग्लंडच्या राणीच्या हातून टेअरमला पदक मिळालें. ऑगस्टमध्यें गिब्सन चर्चिलसाहेबांबरोबर कॅनडास गेला आणि गांवोगांव त्याचे सत्कार झाले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तो कॅलगरी शहरीं आला असतां टेरीच्या आईला मुद्दाम भेटला व मुलाची वाखाणणी केली. कर्त्या मुलाची स्तुति त्याच्या सेनापतीच्या तोंडून ऐकणें, यापरतें आईला काय हवें असतें?

इकडे त्याच दिवसांत तुकडीचा नवा नायक होल्डन यानें गिब्सनच्या जुन्या सोबत्यांपैकीं चौघांना आपल्या विमानांत घेतलें होतें. १५ सप्टेंबरच्या रात्रीं डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर ८ विमानें गेलीं, प्रत्येकांत १२,००० पौंडांचा नवा बाँब. नॉर्डहॉर्न गांवावर होल्डनच्या विमानास तोफेचा गोळा लागला आणि आंतील आठही जण ठार झाले. त्या आठांत टेअरम होता. आठांपैकीं पांच विमानें त्या रात्रीं गेलीं. सत्काराला आठवडा होतो न होतो तोंच टेरी बेपत्ता झाल्याची तार कॅलगरीच्या घरीं पोहोंचली.

टेरी जर्मनींत राइखस्वाल्ड येथील युद्धस्मशानांत पुरलेला आहे. त्याचा धाकटा भाऊ लॉर्नही विमानदलांत शिरला, आणि १९४५ च्या फेब्रुवारींत तोही गेला.