मौलवी महंमद बाकिर आणि ‘दिल्ली उर्दू अखबार’

१८५७ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्रजी फौजांनी दिल्ली परत जिंकली. त्यानंतर शहरातील ज्या असंख्य रहिवाशांना देहान्त शासन झाले, त्यांत ‘दिल्ली उर्दू अखबार’ या साप्ताहिकाचे चालक मौलवी महंमद बाकिर हे एक होत. भारतीय वृत्तपत्रसृष्टीतील पहिले हुतात्मे असा त्यांचा निर्देश पुष्कळदा केला जातो. हा गौरव अस्थानी नाही. तथापि त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. बाकिर यांना मृत्यू आला तो त्यांनी जे छापले त्याबद्दल, की त्यांच्या घरी जे घडले त्याबद्दल? युद्धकाळात वृत्तपत्रकाराचा बळी कशासाठी घेतला जातो, हे समजण्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार उद्‍बोधक ठरेल.

बाकिर हे दिल्लीतील शिया पंथाच्या एका विद्वान घराण्यातले. दिल्ली कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, काही काळ तेथे त्यांनी अध्यापनही केले आणि पुढे कंपनी सरकारच्या महसूल खात्यात नोकरी केली. १८३५ साली मेटकाफने मुद्रणावरील बंधने दूर केल्यानंतर दोनएक वर्षांतच त्यांचे पत्र निघू लागले. ते शिळाछापावर छापले जाई, आणि उत्तर हिंदुस्थानातील आरंभीच्या उर्दू पत्रांत त्याची गणना होते. बाकिर यांचे चिरंजीव, पुढे उर्दू साहित्याचे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले महंमद हुसेन आझाद, यांचाही या कामात हात असे. सारांश, इंग्रजी राजवटीशी वैर हा या पत्राचा पाया नव्हता. किंबहुना त्या राजवटीच्या विद्यालयात आणि कचेरीत वावरलेल्या गृहस्थाचेच ते पत्र होते.

११ मे १८५७ रोजी मीरतचे शिपाई यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. गलबला ऐकून बाकिर स्वतः रस्त्यावर गेले आणि डोळ्यांनी पाहिलेली हकीकत त्यांनी १७ मेच्या अंकात दिली. २४ मेच्या अंकात या उलथापालथीवर आझाद यांची कविता प्रसिद्ध झाली. पुढे चार महिने पत्र निघत राहिले. त्याचा १३ सप्टेंबरचा अंक निघाला आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रजांनी तटावर हल्ला चढविला. सत्तावन सालाविषयी मराठी वाचकाच्या परिचयाचे साधन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. तो घटनांनंतर सुमारे पाव शतकाने स्मरणातून लिहिला गेला आणि १९०७ साली छापला गेला. ‘अखबार’चे मोल निराळे आहे. पुढच्या आठवड्यात कोण जिंकणार हे ठाऊक नसताना तो लिहिला जात होता.

हे पत्र तटस्थ राहिले असे मात्र म्हणता येत नाही. १२ जुलै रोजी बादशहा बहादुरशहा जफर यांच्या नावावरून त्याचे ‘अखबार-उज्-जफर’ असे नामांतर झाले. हिंदू व मुसलमान यांनी एकजुटीने इंग्रजांशी लढावे, असे आवाहन त्यातून केले जात असे. तरीही त्याच स्तंभांतून शहरातील लूटमार, दुकानदारांची दैना आणि शिपायांची बेशिस्त यांविषयीही स्पष्ट लिहिलेले आढळते. चांदणी चौकात फेरफटका मारून मिठाई खाल्ली की शिपायांची लढण्याची उमेद ओसरते, अशा आशयाची टीकाही बाकिर यांनी केली. आपल्याच पक्षाचे दोष छापणारा हा लेखक निव्वळ प्रचारक नव्हता.

आता दुसरी बाजू. दिल्ली कॉलेजचे प्राचार्य फ्रान्सिस टेलर हे बाकिर यांचे जुने स्नेही होते. उठावाच्या प्रसंगी त्यांनी बाकिर यांच्या घरी आश्रय घेतला. परंतु ही बातमी फुटल्यावर देशी पोषाखात बाहेर पडत असता जमावाने त्यांना ठार केले. निघताना टेलर यांनी काही कागद बाकिर यांच्या स्वाधीन केले, त्यांवर लॅटिन भाषेत त्यांच्याविरुद्ध मजकूर लिहिला होता, आणि तेच कागद इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती देताच बाकिर यांचा घात झाला, अशी एक हकीकत प्रचलित आहे. ती नाट्यपूर्ण असल्याने सावधपणेच घेतली पाहिजे. बाकिर यांना गोळी घालण्यात आली की तोफेच्या तोंडी दिले गेले, याविषयीही कथनांत एकमत नाही.

या संदिग्धतेचे मूळ पुराव्याच्या अभावात आहे, आणि त्या अभावाचे कारण म्हणजे बाकिर यांच्यावर रीतसर खटला चाललाच नाही. १३ जून १८५७ रोजी लॉर्ड कॅनिंग यांनी मुद्रणासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा एक वर्षाच्या मुदतीने जारी केला. कलकत्त्यात ‘दूरबीन’, ‘सुलतान-उल्-अखबार’ आणि ‘समाचार सुधावर्षण’ या पत्रांवर कारवाई झाली ती न्यायालयामार्फत. दिल्लीत मात्र न्यायाधीश व जेता एकच होता. जानेवारी १८५८ मध्ये लाल किल्ल्यात बादशहाची चौकशी सुरू झाली, तेव्हा देशी वृत्तपत्रांतील उतारे पुरावा म्हणून वाचले गेले. बादशहाला निदान चौकशी तरी लाभली. संपादकाला तीही नाही. त्याच सुमारास लंडनच्या ‘टाइम्स’चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल इंग्रजी छावणीबरोबर लखनौला गेले. त्यांनी आपल्याच लोकांच्या सूडबुद्धीवर कठोर टीका केली आणि ते सुखरूप मायदेशी परतले. दोघांनीही आपापल्या पक्षाचे दोष दाखविले होते. भेद पडला तो कोणाच्या बाजूस विजय मिळाला एवढ्यावरून.

युद्धक्षेत्रातील वृत्तपत्रकारास नागरिक मानून संरक्षण द्यावे, हे तत्त्व जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी मसुद्यात स्पष्ट शब्दांत नमूद झाले. बाकिर यांच्या काळी असा भेद कोणीच मानीत नव्हते. त्यामुळे केवळ लेखणीमुळे त्यांचा मृत्यू झाला असे निश्चयाने म्हणणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. आणि लेखणीचा त्यात संबंध नव्हता असे म्हणणेही तितकेच असमर्थनीय होय. चौकशीवाचून दिलेल्या शिक्षेने एका माणसाचा प्राण घेतला, आणि त्याचबरोबर त्याच्यावरील आरोपाचा निर्णय होण्याची शक्यताही कायमची संपविली. उरले ते त्यांच्या पत्राचे अंक. १८५७ सालचे अंक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाले आहेत, आणि न मिळालेल्या खटल्यातील बाकिर यांची साक्ष आता तेवढीच आहे.