जिकडे प्रवाह, तिकडे मणी

१९६० साली वॉशिंग्टनमधल्या ल्युसेनहॉप आणि स्पेन्स या डॉक्टरांनी एक अचाट प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत त्यांनी प्लास्टिकचे काही मिलिमीटरचे मणी सोडले होते. एरवी हे पक्षाघाताला आमंत्रणच. पण त्यांची भिस्त रक्ताच्या प्रवाहावर होती.

रुग्णाच्या मेंदूत एव्हीएम होतं. एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून शिरेत जातं आणि वाटेत त्याचा दाब उतरतो. एव्हीएममध्ये हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या, नुसता गुंता. म्हणजे चक्क शॉर्ट सर्किट. त्यात नळीची त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळापट होतो, हा प्वाझचा नियम. (इंजिनिअरिंगला तो पाइपांसाठी शिकवतात. प्वाझ स्वतः डॉक्टर होता आणि त्याला रक्तच समजून घ्यायचं होतं, हे कुणी सांगत नाही.) तर रक्त गुंत्याकडे धावतं आणि मणीही त्याच्यासोबत.

त्याआधी कवटी उघडल्यावरच हा गुंता दिसायचा. १९२८ साली हार्वे कुशिंगसारख्या दिग्गजानेही अशा रुग्णांत रक्तस्रावाच्या भीतीने हात आखडता घेतला होता. त्याच्या आदल्याच वर्षी लिस्बनमध्ये मोनिझने मेंदूच्या वाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या, तेव्हा कुठे आधी नकाशा पाहण्याची सोय झाली.

पण खरं कोडं पुढेच होतं. काही वेळा मोठं एव्हीएम व्यवस्थित काढलं, तरी भोवतालचा निरोगी मेंदू सुजायचा, त्यात रक्तस्राव व्हायचा. १९७८ साली स्पेट्झलर आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर सुचवलं. गुंता वर्षानुवर्षं शेजाऱ्यांचं रक्त पळवतो. मिळेल तेवढं रक्त ओढायला शेजारच्या वाहिन्या कायम सताड उघड्या राहतात आणि आकुंचन पावणंच विसरतात. गुंता गेला की त्यांच्यावर दाब येतो तो इतरांसारखा, नेहमीचाच. तोही त्यांना झेपत नाही.

मला हे स्पष्टीकरण फार आवडतं, म्हणूनच जरा संशयही येतो. १९९३ साली दुसरा पक्ष पुढे आला: दोष रक्त येण्यात नाही, शिरांमधून ते बाहेर जाण्याची वाट तुंबण्यात आहे. वाद पूर्ण मिटलेला नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र दोन्ही शक्यता धरूनच चालतात. मोठा गुंता बहुधा एका दमात बंद करत नाहीत, टप्प्याटप्प्याने करतात, आणि नंतर रक्तदाब चढू न देता रुग्णाला अतिदक्षता विभागात डोळ्यांत तेल घालून जपतात.