मडक्याची मुदत

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावरील रबाळे, जेथे २००४ पासून ठाणे-वाशी लोहमार्गावरील गाड्या थांबतात आणि ज्याच्या आसपास आज कारखान्यांची दाटी झाली आहे, ते एके काळी ठाणे तालुक्याच्या आगरी-कोळी पट्ट्यातील एक साधे गाव होते. येथील नव्या इमारतींत नाशिकची द्राक्षवारुणी आता अपरिचित राहिलेली नाही, आणि उघडलेली बाटली कितपत टिकेल हा प्रश्नही तिच्यामागोमाग घरात शिरला आहे. या किनाऱ्याला मात्र तो प्रश्न फार जुना आहे; पूर्वी तो मडक्याविषयी विचारला जाई, आणि त्याचा हिशेब प्रहरांत होई.

ताड, माड आणि शिंदी या तीन वृक्षांचा रस काढणे हा उत्तर कोकणातील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. पहाटे झाडावरून उतरलेला रस मधुर असतो. पण हवेतील आणि मडक्याच्या अंगी मुरलेले किण्व त्यातील साखरेवर तत्काळ काम करू लागतात, दोन-चार तासांत त्याची मादक ताडी होते, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत ती अशी आंबते की तिचा सिरका करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे आंबणेही फुकट गेले नाही. पोर्तुगीज अमलात, म्हणजे मराठ्यांनी १७३७ त ठाणे आणि १७३९ त वसई घेईपर्यंत, आणि त्यानंतरही, वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पाव फुगवण्यास ताडी आणि मांस मुरवण्यास तिचा सिरका वापरला गेला. नाशवंत वस्तूचा नाशही उपयोगी लावण्याची ही हातोटी मला तिला टिकवण्याच्या सर्व युक्त्यांहून अधिक शहाणपणाची वाटते.

खाडीपलीकडच्या मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता. युरोपातील हलकी द्राक्षमद्ये या उष्म्यात बिघडत, म्हणून त्यांनी मदिरा बेटावरील मद्य पसंत केले. त्यात ब्रँडी मिसळलेली असे, आणि उष्ण समुद्रातील प्रवासाने ते बिघडण्याऐवजी सुधारते असा अनुभव आला होता. असे मद्य उघडल्यावरही कित्येक आठवडे टिकते. ते थंड करण्यासाठी साहेबाच्या पदरी आबदार असे, आणि पाण्यात सोरा विरघळवून गारवा निर्माण करण्याची त्याची विद्या मोगलांच्या आबदारखान्यातून आलेली होती. पुढे अमेरिकेतून जहाजाने बर्फ येऊ लागला आणि ही विद्या मागे पडली. मद्य का बिघडते याचा उलगडा मात्र १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी केला: हवेतील प्राणवायूवर जगणारे जंतू मद्यार्काचे अॅसेटिक आम्लात रूपांतर करतात. ताडीच्या मडक्यात आणि फ्रेंच पिंपात कार्य करणारा कारभारी एकच होता.

या रासायनिक नियमापुढे सरकारी दप्तरालाही नमते घ्यावे लागले, आणि ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने जुन्या मक्त्यांची घडी मोडून दारूचे उत्पादन सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे वळवले. मोहाच्या दारूला ही व्यवस्था मानवली, कारण ती टिकते, मोजता येते, गुदामात कुलूपबंद ठेवता येते. ताडीचे तसे नाही. ती गुदामाकडे नेईपर्यंत तिचे स्वरूपच पालटते, म्हणून कर घ्यायचा तो झाडागणिक घ्यावा लागला. उलटपक्षी मोहाची वाळलेली फुले महिनोन्‌महिने टिकत असल्यामुळे, ती ज्याच्या घरी तो चोरून दारू गाळणारच असा तर्क करून, १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावरच निर्बंध घातला. त्या फुलांची भाकरी करून दुष्काळी दिवस काढणाऱ्या आदिवासींवर हा जुलूमच होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापुढे आणखी नाजूक पेच आला. सकाळचा रस पौष्टिक नीरा म्हणून प्रोत्साहनास पात्र, आणि तोच रस दुपारी निषिद्ध ताडी! कायद्याने यातून काढलेला मार्ग असा की, आंबणे रोखण्याची प्रक्रिया केलेल्या पात्रात धरलेला व न आंबलेला रस तो नीरा. म्हणजे व्याख्येत वृक्षाबरोबर मडक्यालाही स्थान मिळाले. प्रक्रिया म्हणजे बहुधा मडक्याला आतून चुना लावणे. चुन्याच्या क्षारतेने किण्व काही काळ निष्क्रिय होतात, आणि रस थंड ठेवला तर तो काळ वाढतो. नीरा केंद्रावर उन्हे चढण्यापूर्वी पेला रिता करणारा गृहस्थ कायदा पाळत असतो तो घड्याळाच्या आधारे.

नाशिकच्या द्राक्षमद्याला राजाश्रय मिळाला तो २००१ च्या राज्य धोरणाने, आणि त्याचे चाहते आता बाटलीतील हवा उपसणारे पंप विकत घेतात. पण पंपाने सगळी हवा निघत नाही, आणि सुगंधाचा काही अंश मात्र तिच्यासोबत जातो. आर्गॉन वायूचे आवरण अधिक खात्रीचे, परंतु खर्चिक. उरलेले मद्य ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून शीतकपाटात ठेवले तर प्राणवायूला जागाच उरत नाही आणि तीन ते पाच दिवस सहज निभावतात. तांबड्या मद्यालाही हा गारवा लागू पडतो. पिण्यापूर्वी अर्धा तास ते बाहेर काढून ठेवावे.