वेबसाइट बनवता येते, मग डेस्कटॉप ॲपही बनवता येईल का?

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट आलं की वेबसाइट बनवता येते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण याच तीन गोष्टींतून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअरही बनतं. व्हीएस कोड, स्लॅक आणि डिस्कॉर्ड ही डेस्कटॉप ॲप्स अशीच बनलेली आहेत.

हे कसं होतं, आणि अडचण कुठे येते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकमध्ये एक दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घेऊन येतात. लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवायचं, दर लावायचा, पावती छापायची आणि दहा दिवसांनी बिल काढायचं. इंटरनेट मध्येच जातं, लाईटही जाते. गावातल्याच बीसीएस झालेल्या एका मुलीला वेबसाइट बनवता येते. केंद्राचं सॉफ्टवेअर ती बनवू शकेल का?

साधी वेबसाइट का पुरत नाही?

साधी वेबसाइट सर्व्हरवर अवलंबून असते. नेट गेलं की नोंद थांबते आणि बाहेर कॅन घेऊन उभ्या असलेल्यांची रांग वाढते. शिवाय ब्राउझर सुरक्षेसाठी वेबपेजला कॉम्प्युटरपासून लांब ठेवतो. पेज आपल्या मनाने डिस्कवर फाइल लिहू शकत नाही किंवा न विचारता पावती छापू शकत नाही. डेस्कटॉप ॲपला मात्र हे जमतं.

इलेक्ट्रॉन काय करतं?

गिटहबने 2013 मध्ये ॲटम या एडिटरसाठी ‘ॲटम शेल’ तयार करायला घेतलं. 2015 मध्ये त्याचं नाव इलेक्ट्रॉन झालं. कल्पना सोपी आहे: क्रोमियम ब्राउझर आणि नोड डॉट जेएस एकाच पेटीत भरायचे. क्रोमियम स्क्रीन दाखवतो, तर नोड फाइल, प्रिंटर आणि सिरीयल पोर्टला जोडलेल्या वजनकाट्याशी बोलतो.

म्हणजे आपल्या उदाहरणातली मुलगी नोंदीचा फॉर्म वेबसाइटसारखाच बनवेल. ‘जतन करा’ दाबलं की फॉर्म आतल्या भागाला निरोप देईल आणि तो भाग नोंद डिस्कवर लिहील.

याची किंमत म्हणजे आकार. प्रत्येक इलेक्ट्रॉन ॲप स्वतःचा ब्राउझर सोबत आणतं. त्यामुळे छोटंसं ॲपही साधारण 100 एमबीच्या पुढे जातं आणि रॅम बरीच खातं.

हलका पर्याय आहे का?

आहे. टॉरी हे साधन वेगळा ब्राउझर आणत नाही, ऑपरेटिंग सिस्टममध्ये असलेलाच वापरतं. विंडोजवर तो वेबव्ह्यू2 असतो. त्यामुळे ॲप काही एमबीत बसतं. टॉरीची पहिली स्थिर आवृत्ती 2022 मध्ये आणि दुसरी 2024 मध्ये आली. पण आतला भाग रस्ट भाषेत असतो. साध्या कामाला थोडंच रस्ट पुरतं, वजनकाटा जोडायचा तर जास्त शिकावं लागू शकतं.

मोठ्या कंपन्याही हा हिशोब करतात. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये नवीन टीम्स आणताना इलेक्ट्रॉन सोडून वेबव्ह्यू2 घेतलं. नवीन ॲप दुप्पट वेगवान आहे आणि निम्मी मेमरी वापरतं, असा कंपनीचा दावा होता.

तिसरा पर्याय म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब ॲप. ही ब्राउझरमधूनच इन्स्टॉल होणारी वेबसाइट असते आणि नीट बनवली तर नेटशिवायही चालते. पण तिचा डेटा ब्राउझरच्या ताब्यात असतो. कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला, तर दहा दिवसांच्या नोंदीही जाऊ शकतात.

मराठीचं काय?

इथे वेबचं कौशल्य फार उपयोगी पडतं. जोडाक्षरं आणि काना-मात्रा नीट मांडण्याचं काम ब्राउझरचं इंजिनच करतं. मुक्त किंवा बलू यांसारखे मोफत देवनागरी फॉन्ट ॲपसोबतच देता येतात. जावास्क्रिप्टमध्ये मराठी लोकेल निवडलं की आकडे देवनागरीत आणि लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह छापता येतात.

नवीन काय शिकावं लागतं?

स्क्रीन बनवणं जुनंच काम आहे. नवीन आहेत त्या जबाबदाऱ्या.

• डेटा: नोंदी एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात. त्यात व्यवहार एकतर पूर्ण लिहिला जातो किंवा अजिबात नाही, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी अर्धवट नोंद उरत नाही. पण डिस्कच बिघडली तर सगळंच जातं. म्हणून रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेण्याची सोय ॲपमध्येच हवी.

• सुरक्षा: वेबसाइटमधल्या चुकीचा परिणाम बराचसा त्या पेजपुरता राहतो. डेस्कटॉप ॲपमध्ये तीच चूक सगळ्या फाइल्सपर्यंत पोचू शकते. त्यामुळे स्क्रीनच्या भागाला फाइलची थेट परवानगी देऊ नये. इलेक्ट्रॉनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही परवानगी मुळातच बंद असते, ती सोयीसाठी चालू करू नये.

• वाटप: डिजिटल सही नसलेलं अनोळखी ॲप उघडताना विंडोज सहसा इशारा दाखवतं. सहीचं प्रमाणपत्र बहुधा विकत घ्यावं लागतं.

• अपडेट: वेबसाइट एका जागी बदलली की सगळ्यांना बदललेली दिसते. इथे प्रत्येक कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती पोचवावी लागते.

मग निवड कशी करायची?

आधी ज्या कॉम्प्युटरवर ॲप चालणार आहे, तो बघा. केंद्रात विंडोज 7 असेल, तर आजचं इलेक्ट्रॉन चालणारच नाही. विंडोज 7, 8 आणि 8.1 ला चालणारी शेवटची आवृत्ती 22 होती. वेबव्ह्यू2 चा त्यांच्यासाठीचा आधारही 109 व्या आवृत्तीवर थांबला. अशा वेळी कॉम्प्युटर बदलण्याचा खर्च आधीच सांगितलेला बरा.

विंडोज 10 किंवा 11 आणि 8 जीबी रॅम असेल, आणि वजनकाटा जोडायचा असेल, तर इलेक्ट्रॉन सोपं पडतं. रॅम 4 जीबीच असेल, तर टॉरीचा विचार करावा. डेटा सर्व्हरवरही जात असेल आणि नेट बऱ्यापैकी असेल, तर प्रोग्रेसिव्ह वेब ॲप पुरेल.

साधन कोणतंही घ्या, पहिल्या बिलापर्यंत जुनी वही बंद करू नका. दहा दिवस नोंदी दोन्हीकडे ठेवा, शेवटी बेरीज ताळून बघा आणि बॅकअपमधून डेटा परत येतो का तेही एकदा करून पाहा. बिलात चूक झाली, तर पैसे शेतकऱ्याचे कमी होतात.