८०० मीटर आणि मधली ३२ वर्षं



आज आपण एका शर्यतीचा इतिहास बघणार आहोत. शर्यत ८०० मीटरची, म्हणजे मोठ्या मैदानाचे दोन फेरे. सराव असलेली मुलगी ती तीनेक मिनिटांत संपवते. चुलीवर चहाला उकळी यायला लागतो, तेवढा वेळ. पण या तीन मिनिटांवरून जगभरातल्या बायांना ऑलिंपिकमध्ये ३२ वर्षं ही शर्यत पळू दिली नाही. कारण काय दिलं? तर धावून झाल्यावर बाया दमल्या आणि खाली पडल्या!

हा विषय आम्ही घेतला, कारण आपल्या गावांतल्या मुली आता पहाटे पळायला जातात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना हेच ८०० मीटर पळावं लागतं. जीव तोडून पळाल्यावर एखादीला मळमळतं, एखादी कडेला जाऊन ओकते. घरी कळलं की लगेच कोणीतरी म्हणतं, "बाईच्या जातीला झेपत नाही ते. बंद कर." गटाच्या बैठकीतही हे बोलणं निघतं. म्हणून आधी बघू, की हे असंच बोलणं मोठमोठ्या लोकांनी कधी केलं आणि त्याचं पुढं काय झालं.

ऑलिंपिकचे आधुनिक खेळ १८९६ साली सुरू झाले. ते सुरू करणारे पिअर द कुबर्तँ यांचं मत होतं, की बायांनी या मैदानात उतरू नये. पुढं टेनिस, पोहणं अशा काही खेळांत बायांना जागा मिळाली, पण धावण्या-उड्यांच्या मैदानात नाही. फ्रान्समध्ये ॲलिस मिलिया नावाची बाई होती. ती स्वतः नाव वल्हवण्याच्या खेळातली. तिने मागणी केली, ती मान्य झाली नाही. मग ती रडत बसली नाही. १९२१ साली तिने वेगवेगळ्या देशांतल्या बायांची क्रीडा संघटना उभी केली आणि १९२२ साली पॅरिसमध्ये बायांचे स्वतंत्र खेळ भरवले. त्यात बाया १००० मीटरसुद्धा धावल्या. आपल्या भाषेत सांगायचं, तर आधी गट बांधला आणि मग दार ठोठावलं.

त्या दबावामुळं १९२८ साली नेदरलँडच्या ॲमस्टरडॅम शहरातल्या ऑलिंपिकमध्ये बायांना मैदान खुलं झालं. तेही फक्त पाच प्रकारांत. त्यातला एक प्रकार ८०० मीटर.

२ ऑगस्ट १९२८ ला अंतिम शर्यत झाली. नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली. तिची वेळ २ मिनिटं १६.८ सेकंद, आणि तो जागतिक विक्रम होता. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. ती खरी कमी अंतराची धावपटू. १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोचता आलं नाही, म्हणून ती ८०० मीटरला उतरली आणि रुपेरी पदक घेऊन गेली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी बाई. कॅनडाची बॉबी रोझेनफेल्ड पाचवी आली. तिच्याबद्दल सांगतात, की आपल्याच देशाची एक लहान वयाची मुलगी शेवटी मागं पडायला लागली, तेव्हा बॉबी तिच्या बाजूला आली, तिला धीर देत पळाली आणि तिला चौथी येऊ दिलं.

शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकत गवतावर आडव्या झाल्या. जोरात पळणारं कोणीही होतं. पण काही वर्तमानपत्रांनी काय छापलं? की अकरा बिचाऱ्या बाया धावल्या, पाच जणींनी मधेच सोडून दिलं आणि पाच जणी शेवटी कोसळल्या. खरं तर धावल्या नऊ आणि पुऱ्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत संपवली. पण छापलेलं खरं वाटतं. बायांच्या शरीराला हे सोसत नाही, असं जाणकार म्हणवणारेही बोलू लागले. पुढच्या ऑलिंपिकपासून बायांची ८०० मीटर शर्यत काढून टाकली.

आता पुरुषांचं बघा. १९०८ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात मैदानावर पुन्हा पुन्हा पडला. लोकांनी त्याला उठवून धरलं, तेव्हा तो रेषेपर्यंत पोचला. मदत घेतली म्हणून त्याला बाद केलं, पण दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या राणीने त्याला कप दिला. १९१२ साली स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो उन्हात मॅरेथॉन धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तरी पुरुषांची मॅरेथॉन कोणी बंद केली नाही. पुरुष पडला तर तो शूर, बाई पडली तर ती नाजूक. मोजायची काठीच वेगळी होती.

नंतर काय झालं? १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये बायांना एकटीनं पळायची सगळ्यात लांब शर्यत होती १०० मीटरची. १९४८ साली २०० मीटर आली. १९५२ साली हेलसिंकीला आपल्या मुंबईची मेरी डिसूझा भारताकडून धावली, ती १०० आणि २०० मीटर. त्याहून लांब पळायचं म्हटलं असतं, तरी तिथं तिच्यासाठी शर्यतच नव्हती. ८०० मीटर परत आली १९६० साली, रोमला. तेव्हा सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला शेवत्सोवाने ती २ मिनिटं ४.३ सेकंदांत जिंकली. १९७२ साली १५०० मीटर आली, १९८४ साली मॅरेथॉन आणि १९८८ साली १०,००० मीटर.

१९८४ ची पहिली मॅरेथॉनही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसच्या उन्हात स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटच्या फेऱ्यात अक्षरशः लडखडत होती. डॉक्टर बाजूने चालत तिच्यावर नजर ठेवून होते. तिला घाम येतोय, म्हणजे शरीर अजून उष्णता बाहेर टाकतंय, हे पाहून त्यांनी तिला पुढं जाऊ दिलं. ती ३७ वी आली, उपचार घेऊन लवकरच सावरली. १९२८ साली बाई पडल्यावर शर्यत काढून टाकली. १९८४ साली डॉक्टर तिच्या बाजूने चालले. शहाणपण ते हेच.

त्या उघडलेल्या दारातून आपल्याही मुली गेल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेतलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. दोघी खेड्यातल्याच.

मग पळाल्यावर मळमळतं का? जोरात पळताना पायाच्या स्नायूंना भरपूर रक्त लागतं. अंग तापतं, म्हणून त्वचेकडेही रक्त जातं. ते येतं पोटाकडून. पोटाला रक्त कमी पडलं की पचन थांबल्यासारखं होतं, आणि आत असलेलं अन्न-पाणी ढवळून वर येतं. ऊन असेल, पाणी कमी प्यालेलं असेल, किंवा एकदम तांब्याभर पाणी प्यालेलं असेल, तर हे जास्त होतं. सराव नसताना पहिल्याच दिवशी जोर लावला तरी होतं. पुरुषांनाही असंच होतं. यात बाईपणाचा दोष नाही.

मुलींना एवढं सांगू या. भाकरी-भाजीचं पोटभर जेवण पळण्याआधी दोन-तीन तास व्हायला हवं. पहाटे पळायचं असेल, तर थोडं आधी एखादं केळं खावं. नुसत्या चहावर पळू नये. पाणी घोट-घोट प्यावं. आधी हळू पळून अंग गरम करावं. वेग आठवड्या-आठवड्याने वाढवावा. शर्यत संपली की लगेच खाली बसू नये, पाच-दहा मिनिटं चालावं. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते.

पण सगळंच अंगावर काढायचं नाही. छातीत दुखणं, पळताना शुद्ध हरपणं, उलटीत रक्त, थांबून विश्रांती घेतल्यावरही न थांबणाऱ्या उलट्या, असंबद्ध बोलणं किंवा अंग फार तापणं, असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. अंग तापलं असेल तर सावलीत घेऊन ओल्या कपड्याने गार करत न्या. लग्न झालेल्या मुलीला रोज मळमळत असेल, तर पाळी चुकली आहे का, तेही विचारा.

आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी असल्याचं आढळलं. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लवकर लागतो, गरगरतं. तिची पळण्याची हौस बंद करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघालं तर त्याला इलाज आहे.

पुढच्या बैठकीत आपल्या गावात किती मुली भरतीसाठी पळतात, त्यांची नावं काढू. पहाटे त्यांच्या सोबतीला कोण जाईल आणि तपासणीला कोण नेईल, तेही तेव्हाच ठरवू. आणि कोणी म्हणालं, की बाईच्या जातीला झेपत नाही, तर त्यांना सांगा, नऊ जणी धावल्या होत्या आणि नऊ जणींनी संपवली होती.